पाकिटावर डोंगराचं नाव लिहा: महाराष्ट्रातल्या कॉफी रोस्टरांना आणि कॅफेचालकांना खुलं पत्र

महाराष्ट्रात कॉफी भाजणाऱ्या, विकणाऱ्या आणि कॅफे चालवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

मी मूळची कोल्हापूरची. कॉफीच्या चवीची पारख करणं हे माझं काम, आणि त्या कामामुळे बरीच वर्षं मुक्काम कर्नाटकातल्या चिक्कमगळूरला आहे. हंगामात शेतकरी नमुने घेऊन येतात. मी ते भाजते, दळते, कपिंग करते म्हणजे ठरावीक पद्धतीने चाखते, आणि काय साधलं, कुठे बिघडलं ते त्यांना सांगते. त्यातलाच काही माल पुढे पुण्याला, मुंबईला, नाशिकला, नागपूरला तुमच्या रोस्टरपर्यंत पोहोचतो. तुमची पाकिटंही मी आवर्जून मागवते. गेल्या काही वर्षांत तुम्ही जे उभं केलं आहे त्याचा मला अभिमान वाटतो. ज्या घरांत कॉफी म्हणजे उपासाच्या दिवशी जायफळ घालून उकळलेलं गोड दूध, त्या घरांतली मुलं आज दुकानात येऊन विचारतात, ही कुठली कॉफी आहे, कशी वाळवली आहे. हे तुमच्यामुळे झालं.

म्हणूनच मागणीही तुमच्याकडेच करते आहे. बाबा बुडनगिरीच्या डोंगरांतली, देशी झाडांच्या सावलीत वाढलेली जुनी अरेबिका जातीची कॉफी तिच्या नावानिशी विकत घ्या, नावानिशी विका, आणि ती सावली राखायचे वेगळे पैसे शेतकऱ्याला द्या. हे आत्ताच का करायला हवं ते सविस्तर सांगते.

चिक्कमगळूरच्या उत्तरेला चंद्रद्रोण पर्वत नावाची डोंगररांग आहे, हीच बाबा बुडनगिरी. ती घोड्याच्या नालेच्या आकारात वळलेली आहे आणि तिचं तोंड वायव्येला उघडतं. मुळ्ळय्यनगिरी हे कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर याच रांगेत आहे, उंची 1,930 मीटर. माथ्यावर गवताळ कुरणं, घळींमध्ये शोला नावाचं सदाहरित जंगल, आणि त्याखालच्या उतारांवर, नालेच्या पोटातल्या जागर खोऱ्यात कॉफी. आपल्याकडच्या दत्तभक्तांना ही जागा दत्तपीठ म्हणून माहीत असते. तिथल्या गुहेतलं स्थान दत्तात्रेय आणि बाबा बुडन अशा दोन्ही नावांनी पूजलं जातं. सतराव्या शतकात हजहून परतताना बाबा बुडन या सूफी संतांनी येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि या डोंगरात लावल्या, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्या काळी उगवू शकेल असं बी अरबस्तानाबाहेर जाऊ देत नसत. बिया सात होत्या की सत्तर, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण भारतातल्या कॉफीची सुरुवात या डोंगरातून झाली, हे सगळेच मानतात.

त्या पहिल्या वाणाला मळेवाले 'चिक' म्हणत. 1869 मध्ये सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॉफीवर तांबेरा दिसला. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी धरते, पानं गळतात, झाड उघडं पडतं. सिलोनची कॉफी या रोगाने बुडाली आणि तिथे चहा आला. आपल्याकडेही चिक वाण त्यापुढे टिकला नाही. पण इथल्या लोकांनी कॉफी सोडली नाही. 1911 मध्ये डोड्डनगुड्डा एस्टेटवर केंट नावाच्या मळेवाल्याने रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारं एक झाड हेरलं, त्यातून 'केंट' वाण निघाला. 1925 मध्ये बाळेहोन्नूरजवळ संशोधन केंद्र उभं राहिलं. अरेबिका आणि लायबेरिका या कॉफीच्या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या एस 288 चा केंटशी संकर करून तिथे 1940च्या दशकात एस 795 तयार झाला. जागर खोऱ्यात आजही त्याची जुनी, जाड खोडाची झाडं उभी आहेत. इंडोनेशियात हाच वाण 'जेंबर' नावाने लावतात आणि तिथल्या कॉफीबरोबर तो जगभर मिरवतो. तुमच्यापैकी अनेकांनी इंडोनेशियाची कॉफी मोठ्या कौतुकाने भाजली असेल. तिच्यात कदाचित बाळेहोन्नूरचं बी असेल.

एवढा इतिहास असलेली कॉफी ग्राहकापर्यंत अनामिक का पोहोचते? एक कारण जुनं आहे. 1940च्या दशकापासून शेतकऱ्याने आपली सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये द्यायची असा नियम होता. पडत्या भावाच्या काळात शेतकऱ्याला आधार मिळावा म्हणून ही व्यवस्था आली, आणि तिने अनेकांना तारलंही. पण पूलमध्ये सगळ्यांचा माल प्रतवारीप्रमाणे एकत्र होई. प्लांटेशन ए, पीबी (फळात एकच गोल बी असलेली) अशी प्रत उरे, शेत आणि डोंगर दोन्ही पुसले जात. चांगलं पिकवणाऱ्याला त्याची कॉफी पुढे कोणी प्यायलं हे कळत नसे, आणि पिणाऱ्याला ती कुठून आली हे कळत नसे. 1990च्या दशकात बाजार टप्प्याटप्प्याने खुला झाला. तुमचे व्यवसाय त्या खुलेपणामुळेच शक्य झाले आहेत. आज कोणताही कायदा शेताचं नाव पुसत नाही. तरी बहुतेक पाकिटांवर मी 'चिकमगळूर अरेबिका' एवढंच वाचते, आणि पुष्कळदा तेही नसतं, नुसतं 'साउथ इंडियन'.

2019 मध्ये भारतातल्या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं: कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि बाबाबुडनगिरीज अरेबिका. म्हणजे चिक्कमगळूर जिल्ह्यात असूनही या डोंगराला स्वतंत्र मानांकन आहे. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, हाताने निवडून वेचलं जातं, नैसर्गिक रीतीने आंबवून धुतलं जातं, आणि कपात भरीव अंग, चॉकलेटची छटा येते, हे त्यातलं वेगळेपण. आपण मराठी माणसं या बाबतीत अडाणी नाही. कर्नाटकातून आलेला आंबा पेटीवर 'देवगड' लिहून विकला की आपला संताप होतो. कोकणातल्या बागायतदारांनी त्या नावासाठी वर्षानुवर्षं भांडून 2018 मध्ये हापूसचं मानांकन मिळवलं. मग कर्नाटकातल्या डोंगराची कॉफी आपण विकतो तेव्हा त्या डोंगराच्या नावाबद्दल तेवढीच चाड आपल्याला का नसावी? मानांकनाच्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून शेतकऱ्याची नोंद होते. माल घेताना तो नोंदणी क्रमांक मागा. तुम्ही मागाल तर शेतकरी नोंदणी करतील. कोणी विचारतच नसेल तर कागदपत्रांचा तो खटाटोप ते कशासाठी करतील?

आता सावलीबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे.

भारतातली कॉफी उन्हात उघडी वाढत नाही. तिच्यावर दोन थर झाडांचे असतात. खाली पांगारा, वर उंबर, फणस, जांभूळ, बेहडा, नाणा, शिसवी, मध्येच भेरली माड. आंबोलीच्या रानात फिरलेल्या माणसाला यातलं एकही झाड परकं वाटणार नाही, सह्याद्री तोच आहे. या झाडांचा पाचोळा जमीन झाकतो, उन्हाळ्यात ओल धरून ठेवतो, पावसाचा मारा अंगावर घेतो. इथे पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो त्यात उघडा उतार उभा राहत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये मूडिगेरे तालुक्यात दरडी कोसळल्या तेव्हा कॉफीचे मळेच्या मळे वाहून गेले.

अरेबिकासाठी सावलीचं आणखी एक काम आहे. खोड पोखरणारा एक भुंगा असतो, इंग्रजीत व्हाइट स्टेम बोरर म्हणतात. मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, आणि त्यासाठी तिला ऊन लागणारं खोड हवं असतं. अळी आत शिरून खोड पोखरते. बाहेरून दिसते फक्त सालीवर उठलेली वळी. ती दिसली की झाड मुळासकट उपटून जाळायचं, दुसरा उपाय नाही. वीस-तीस वर्षांचं झाड असं जाळताना शेतकऱ्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. किडीला रोखायचं तर खोडाची साल घासून गुळगुळीत करायची, चुना लावायचा, आणि मुख्य म्हणजे सावली दाट राखायची. सावली विरळ झाली की बोरर वाढतो, बोरर वाढला की अरेबिका मरते, आणि रिकाम्या झालेल्या जागी शेतकरी रोबस्टा ही दुसरी, काटक जात लावतो.

त्याचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. रोबस्टाला बोररचा त्रास जवळजवळ नाही, हेक्टरी उत्पादन अरेबिकाच्या दुपटीहून जास्त. अरेबिकाचं पिकलेलं फळ झाडावर थांबत नाही, गळून पडतं, म्हणून पुन्हा पुन्हा माणसं लावून वेचावं लागतं: आधी मोजकी पिकलेली फळं, मग मुख्य वेचणी, मग उरलंसुरलं, शेवटी जमिनीवर पडलेलं. रोबस्टाचं फळ झाडावर थांबतं, मजूर मिळेल तेव्हा तोडा. त्यात 2024 मध्ये रोबस्टाचे भाव कित्येक दशकांतल्या उच्चांकाला गेले. अरेबिकाचे भावही वाढले, न्यूयॉर्कच्या बाजारात 1977चा विक्रम मोडला, पण उत्पादनातला फरक भरून निघावा इतकं अंतर दोन्ही भावांत राहिलं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात अरेबिका जास्त पिकत होती. आज सुमारे 70 टक्के उत्पादन रोबस्टाचं आहे. रोबस्टाशी माझं वैर नाही. नीट धुतलेली, नीट वाळवलेली रोबस्टा फार चांगली असते आणि कमी उंचीवर तिचीच जागा आहे. पण 1,200 मीटरच्या उतारावरची अरेबिका काढून तिथे रोबस्टा लावली जाते, तेव्हा जे जातं ते परत आणता येत नाही. नवी अरेबिका लावली तरी पहिलं फळ यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तिच्यावरचा उंबर मोठा व्हायला एक पिढी.

देशी झाडांची दुसरी अडचण कायद्यातून येते. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आलेला, सरळसोट, झपाट्याने वाढणारा. त्याच्यावर मिरीचा वेल छान चढतो, आणि गरज पडली की तो तोडून विकायला फारशी आडकाठी नाही. देशी झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी लागते. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की शेतकऱ्याला देशी झाड ही स्वतःच्या जमिनीवरची अडकलेली वस्तू वाटू लागली. जुनी झाडं पडतात तिथे सिल्व्हर ओक येतो, आणि आपोआप उगवलेलं जांभळाचं रोप तण समजून उपटलं जातं. युरोपने आता नवा कायदा केला आहे: 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरची कॉफी तिकडे विकता येणार नाही. चांगलं आहे. पण तो कायदा मुख्यतः जंगल तुटलं का ते पाहतो. मळ्याच्या आतली देशी सावली गेली आणि सिल्व्हर ओकच्या रांगा आल्या, तर त्याच्या नजरेत काहीच बदललेलं नसतं. हा फरक खरेदीदारच पाहू शकतो. म्हणून तुम्हाला सांगते, माल ठरवायला याल तेव्हा खळ्यावरून परत जाऊ नका. मळ्यात चला आणि मान वर करून बघा.

आणखी एक गोष्ट बोलते, थोडी कडू लागली तरी. तुमच्यातले बरेच जण शेतकऱ्याकडून साठ-सत्तर किलोची एक छोटी खास लॉट घेता. बंद पिंपात, हवेशिवाय आंबवलेली, कधी त्यात फळं किंवा यीस्ट टाकलेली. कपात अननस येतो, दारूसारखा वास येतो, ग्राहक चकित होतो. शेतकरी ती करतो, कारण तिला भाव मिळतो. मी त्याला अडवत नाही. पण त्या कपात डोंगर उरत नाही. ती चव कुठल्याही खोऱ्यातल्या कुठल्याही फळाला देता येते. आणि त्याच शेतातली बाकीची टनभर कॉफी, साधी, नीट धुतलेली एस 795, जिच्यात मंद आंबटपणा, चॉकलेट आणि थोडा मसाल्याचा स्पर्श असतो, ती 50 किलोच्या पोत्यांत भरून बाजारभावाने क्युअरिंगला, म्हणजे टरफल काढून प्रतवारी करणाऱ्या गिरणीत, जाते आणि पुन्हा अनामिक होते. शेत टिकतं ते त्या टनभर कॉफीवर. फोटो काढायला साठ किलोची लॉट पुरते, पण तेवढ्यावर मळा चालत नाही.

हिशेब मांडून दाखवते. अरेबिकाचं उत्पादन हेक्टरी अर्ध्या टनाच्या आसपास धरा. दोन हेक्टरच्या मळ्याची हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी झाली साधारण 1 टन. भाजून वजन घटलं की 850 किलो, म्हणजे पाव किलोची 3,400 पाकिटं. एका पाकिटामागे फक्त 20 रुपये 'सावलीचे' म्हणून बाजूला काढले तर 68,000 रुपये होतात. दोन हेक्टरवर सावलीच्या फांद्या वळणात ठेवायच्या, खोडं घासून चुना लावायचा, त्या मजुरीला हा मोठा हातभार आहे. तुमच्या ग्राहकाला पाव किलोमागे 20 रुपये जाणवणार नाहीत. जाणवले तरी का घेतले ते पाकिटावर लिहा. मी पाहिलं आहे, आपला मराठी ग्राहक चिकित्सक आहे, पण कारण पटलं तर पैसे मोजताना कुरकुर करत नाही. हे पैसे भावात मिसळून टाकू नका. भाव न्यूयॉर्कला वरखाली होतो आणि त्याबरोबर तेही वाहून जातील. ते वेगळे द्या, सावली पाहून द्या, भाव पडला त्या वर्षीही द्या.

आणि एका हंगामापुरतं येऊ नका. माझी सर्वांत मोठी विनंती हीच आहे. ज्याला पुढल्या तीन वर्षांचा खरेदीदार माहीत आहे तो शेतकरी बोररने गेलेल्या जागी पुन्हा अरेबिका लावायला धजतो. ज्याला या वर्षी एक रोस्टर आला, पुढल्या वर्षी दुसऱ्या खोऱ्यात गेला असा अनुभव आहे, तो धजत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. फुलोऱ्याच्या पावसाचा भरवसा राहिलेला नाही. तो मार्च-एप्रिलमध्ये वेळेवर पडला तर फूल धरतं. डोंगरउतारावर तुषार सिंचन सगळ्यांना परवडत नाही. ऐन वाळवणीत डिसेंबरात पाऊस येतो आणि खळ्यावरचं पार्चमेंट, म्हणजे टरफलासकट वाळत घातलेली बी, काळं पडतं. एवढी जोखीम त्याची एकट्याची असते. त्यातली थोडी तुम्ही उचला. त्या वर्षीचा माल जरा खालच्या प्रतीचा आला तर तोही घ्या, दर कमी करा, पण घ्या. पीबी आणि ए तुमची, बी आणि सी बाजाराची, असं केलं तर शेतकऱ्याच्या हातात सरासरी भावच पडतो. बी प्रतीची बी आकाराने लहान असते. तिची चव लहान नसते, कपिंगच्या टेबलावर मी हे वारंवार तपासलं आहे. तुमच्या दुधाच्या कॉफीला ती उत्तम चालेल.

पाकिटावर मला काय वाचायला आवडेल तेही सांगते. बाबाबुडनगिरीज अरेबिका. खोऱ्याचं नाव. वाणाचं नाव, मग तो एस 795 असो, सिलेक्शन 9 असो वा चंद्रगिरी. उंची. कोणत्या हंगामाचं पीक. वर कोणती झाडं आहेत. हे सगळं लिहायला चार ओळी लागतात. महाराष्ट्रात स्वतःची म्हणावी अशी कॉफी फक्त अमरावतीच्या चिखलदऱ्याला, तीही थोडीच. म्हणजे आपण विकणार ते बहुतेक दुसऱ्याच्या डोंगराचं. मग त्या डोंगराचं नाव लिहिण्यात काटकसर नको.

अरेबिकाची वेचणी नोव्हेंबरात सुरू होते. त्याआधी, गणपती ते दसरा या दिवसांत, मजूर किती सांगायचे, किती माल पल्परला (साल काढण्याच्या यंत्राला) घालून धुवायचा आणि किती फळ तसंच वाळवायचं, हे शेतकरी ठरवतात. तुमच्या खरेदीचं पत्र तेव्हा त्यांच्या हातात हवं. जानेवारीत नमुना चाखून येणाऱ्या फोनपेक्षा त्याची किंमत कितीतरी जास्त आहे. एकट्याला टनभर माल झेपत नसेल तर तुमच्यातले चार-पाच जण एकत्र या आणि एका मळ्याचं सगळं पार्चमेंट मिळून उचला. प्रतवारी करून वाटून घ्या. नमुने भाजून, चाखून, प्रत्येक प्रतीचा खरा अहवाल पाठवण्याचं काम मी विनामोबदला करीन. सोबत मळ्यात फिरायलाही येईन.

आपली,
चिक्कमगळूरला कॉफीची पारख करणारी एक कोल्हापूरकर